पाकात अलगद शिजवलेली फळं: नासपतीपासून तासगावच्या बेदाण्यापर्यंत

मुरांबा, साखरांबा, गुळांबा करत आलेल्या घरात पाक म्हटलं की हात आपोआप गॅस मोठा करतो. तार यायला हवी, फोड काचेसारखी दिसायला हवी, बरणी वर्षभर टिकायला हवी. पोच केलेल्या, म्हणजे पातळ पाकात मंद आचेवर अलगद शिजवलेल्या, फळाचा हिशेब याच्या उलट आहे. पाक पातळ, जेमतेम गोड पाणीच. आच इतकी मंद की गॅस चालू आहे का ते वाकून बघावं. फळ शिजतं, पण त्याचा आकार आणि चव त्याचीच राहते. टिकवण्याचा विषयच नाही; फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवायचं.

फ्रेंच स्वयंपाकातली ही जुनी रीत. ऑगस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफने १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा हिच्यासाठी 'पीच मेल्बा' केलं. पाकात पोच केलेलं पीच आणि व्हॅनिला आइसक्रीम एवढंच ते मुळात होतं, रासबेरीचा रस त्यावर नंतर आला. सांगली-साताऱ्याकडच्या घरांत हा प्रकार फारसा रुळला नाही याचं मला नवल वाटतं, कारण सामान सगळं दाराशी आहे. थंडीत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी येते, जानेवारीपासून तासगाव-पलूसकडची द्राक्षं, बेदाणा तर बाराही महिने मिळतो. कराडचा गूळ आहे, काकवी आहे. आणि वर ओतायला बासुंदी कुठून आणायची हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही.

आधी पाक आणि आच

कृती प्रत्येक फळाची थोडी वेगळी असते, पण पाक आणि आच या दोन गोष्टी एकदा कळल्या की उरलेलं सगळं अंदाजाने जमतं.

प्रमाण सोपं आहे. पाच वाट्या पाण्याला दोन वाट्या साखर. वाटी २०० मिलिलिटरची धरली तर एक लिटर पाणी आणि साधारण ३५० ग्रॅम साखर. द्राक्ष, अंजीर अशा मुळातच गोड फळांना दीड वाटी पुरते. आलुबुखार किंवा आंबट पीच असेल तर अडीच घ्या. याच्या फार इकडे-तिकडे जाऊ नका. नुसत्या पाण्यात फळ शिजवलं तर त्याची गोडी पाण्यात उतरते, फळात पाणी शिरतं आणि फोड पचपचीत होऊन फुटते. उलट पाक फार दाट असेल तर तो फळातलंच पाणी ओढून घेतो आणि फोड सुरकुतते. आवळ्याच्या मुरांब्याला सुरुवातीलाच दाट पाक केला की आवळे आकसून चिवट होतात, हे बहुतेकींना माहीत असतं. इथेही कारण तेच.

पाकात लिंबू हवंच. एक लिटरला एका मध्यम लिंबाचा रस. चव तर उठतेच, पण फळाचा घट्टपणा आंबटामुळे टिकतो. डाळ शिजण्याआधीच चिंच घातली की डाळ शिजता शिजत नाही, तसाच हा प्रकार. फक्त डाळीला जो अडथळा असतो तो इथे आपल्याला हवा असतो. फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाकात हळू विरघळतं, म्हणून फोड मऊ होऊनही उभी राहते. खाण्याचा सोडा मात्र कधीही नको, चिमूटभरसुद्धा. सोड्याने फळाचा चिखल होतो.

आता आच. पाक ८० ते ८५ अंश सेल्सिअसला हवा. थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर डोळे पुरतात. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरलेले दिसतात, मधूनच एखादा सुटून वर येतो आणि पृष्ठभाग नुसता थरथरतो. बुडबुड्यांची रांग लागली की आच कमी करा. खळखळ उकळी आली तर फळं एकमेकांवर आपटतात, कडा झिजतात, बाहेरचा भाग पिठूळ होतो आणि गाभा कच्चाच राहतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून जवळपास १,३७० मीटरवर असल्याने तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, पण तेवढंही या कामाला जास्तच. तेव्हा 'आमच्याकडे उकळी थंड असते' ही सबब चालणार नाही! गॅसचा सगळ्यात लहान बर्नर आणि त्यावर लोखंडी तवा ठेवून मग पातेलं, ही व्यवस्था मला सगळ्यात भरवशाची वाटते.

पातेलं जाड बुडाच्या स्टीलचं घ्या. ताजी कल्हई केलेलं पितळी चालेल. ॲल्युमिनियम नको, आंबट पाकाला त्याची चव लागते आणि फळ काळपट दिसतं. पातेलं रुंद आणि उथळ असावं की उभं, हे फळावर ठरतं. अख्खी नासपती उभी राहील असं खोलगट भांडं हवं, फोडींना पसरट बरं. पाणी फिल्टरचं वापरा. जत-तासगावकडच्या बोअरच्या जड पाण्यात फळ मऊ व्हायला वेळ लागतो आणि लाल फळांचा रंगही मळकट होतो.

फळ पाकावर तरंगतं आणि वरचा भाग उघडा राहून काळा पडतो. त्यासाठी बटर पेपरचा पातेल्याच्या मापाचा गोल कापायचा, मधोमध बोटाएवढं भोक पाडायचं आणि तो थेट पाकावर टेकवायचा. वाफ भोकातून जाते, कागद फळाला चिकटून राहतो. कागद नसेल तर पातेल्यात आत बसेल अशी स्टीलची ताटली उपडी टाका. वरून नेहमीचं झाकण मात्र घट्ट लावू नका; आतली उष्णता वाढते आणि बघता बघता उकळी फुटते.

नासपती: इथून सुरुवात करा

पहिल्यांदाच करणार असाल तर नासपतीच घ्या. ती चुका पोटात घालते. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, उत्तरेकडचा माल सांगलीच्या मंडईत भरपूर येतो. त्यात दोन जाती ओळखा. एक कडक, गोलसर, हिरवी, दाताखाली रवाळ लागणारी. दुसरी लांबट, पिवळसर, सुगंधी बब्बूगोशा. बब्बूगोशा पोच करायला फार सुंदर, पण ती कडक असतानाच घ्यायला हवी. देठापाशी अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबली तर योग्य. बाकी अंग दबत असेल तर ती तशीच खाऊन टाका. हा नियम सगळ्या फळांना लागू आहे. पोच करायला पाडाचं फळ हवं, पिकून मऊ झालेलं नको.

चार माणसांना: मध्यम आकाराच्या चार नासपती, पाच वाट्या पाणी, दोन वाट्या साखर, एका लिंबाचा रस आणि त्याच लिंबाच्या सालीच्या दोन पट्ट्या, बोटभर दालचिनी, चार लवंगा, ठेचलेले दोन वेलदोडे. चिमूटभर मीठ.

साल काढताना लिंबाच्या सालीच्या पट्ट्या पातळ घ्या, आतला पांढरा भाग आला की पाक कडवट होतो. पाणी, साखर, लिंबाची साल आणि मसाले एकत्र करून गॅसवर ठेवा. साखर विरघळेपर्यंत ढवळा, एक उकळी येऊ द्या आणि गॅस एकदम बारीक करून दहा मिनिटं तसंच राहू द्या. मसाल्याचा अर्क पाकात आधी उतरला पाहिजे, कारण फळ फार वेळ शिजणार नाही. लवंग चारच्या वर नको. पाक जसजसा मुरतो तसतशी लवंग पुढे येते आणि दुसऱ्या दिवशी दंतमंजनाचा वास येतो.

तोवर एका भांड्यात पाणी घेऊन त्यात थोडं लिंबू पिळून ठेवा. नासपतीची साल सोलाण्याने देठाकडून खाली अशी लांब पट्ट्यांत काढा. देठ ठेवा, दिसायला छान दिसतो आणि उचलायला कामी येतो. गाभा खालच्या बाजूने, चहाच्या चमच्याने किंवा सुरीच्या टोकाने कोरून काढा. हे जमत नसेल तर उभे दोन भाग करून बिया काढा. चवीत फरक नाही. सोललेलं प्रत्येक फळ लगेच लिंबाच्या पाण्यात टाका, नाहीतर हवा लागून ते पाच मिनिटांत तपकिरी होतं. एकदा तपकिरी झालं की पाकात शिजवूनही तो डाग जात नाही.

आता पाकात लिंबाचा रस घाला, नासपती अलगद सोडा, वर कागद टेकवा. पाक फळांच्या वर आला पाहिजे. कमी पडत असेल तर त्याच प्रमाणात पाणी आणि साखर गरम करून वाढवा. नुसतं पाणी ओतू नका. अर्धे भाग असतील तर १५ ते २० मिनिटं, अख्खी फळं २५ ते ३५ मिनिटं, कडक रवाळ जात असेल तर त्याहूनही जास्त. मधे एकदा लाकडी चमच्याने फिरवा. झारा नको, झाऱ्याच्या कडेने ओरखडे पडतात.

शिजलं की नाही हे बघायला टूथपिक घ्या. सगळ्यात जाड भागात ती सहज आत गेली पाहिजे, पण अगदी मध्यापाशी किंचित अडली पाहिजे. त्या क्षणी गॅस बंद. पूर्ण मऊ होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला असं समजा, कारण गरम पाकात फळ आणखी शिजत राहतं. ते पाकातच गार होऊ द्यायचं. बाहेर काढून ताटात ठेवलं तर अंग कोरडं पडतं आणि पाक आत मुरत नाही.

गार झालं की पाकासकट काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरून रात्रभर फ्रिजमध्ये. हा रात्रभराचा मुक्काम चुकवू नका. त्याच संध्याकाळी खाल्लं तर बाहेर गोड आणि आत फिकं लागतं. दुसऱ्या दिवशी वेलदोडा गाभ्यापर्यंत पोचलेला असतो. पाहुणे रविवारी जेवायला येणार असतील तर शनिवारी दुपारी करून ठेवा. केळवणाच्या धांदलीत आदल्या दिवशी पूर्ण उरकणारं गोड म्हणजे वरदानच.

वाढताना अर्धा पाक गाळून वेगळा घ्या आणि मोठ्या आचेवर निम्म्याहून थोडा कमी होईपर्यंत आटवा. चमच्यावर पातळ थर धरला की बंद. तार येईपर्यंत नेऊ नका, फ्रिजमधल्या थंड फळावर पडला की तो पाक घट्ट होऊन दाताला चिकटतो.

लाल नासपती, वाइनशिवाय

फ्रेंच पद्धतीची प्रसिद्ध लाल नासपती रेड वाइनमध्ये शिजवतात. ज्यांच्या घरात चालतं त्यांनी पाण्याऐवजी अर्धं पाणी आणि अर्धी वाइन घ्यावी, साखर तेवढीच. आमच्याकडे मात्र आमसुलं वापरायची पद्धत पडली आहे आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडते. घाट उतरलं की कोकण, तेव्हा चांगली आमसुलं सातारा-सांगलीत सहज मिळतात. एक लिटरला आठ-दहा आमसुलं घ्या, पण बिनमिठाची. मिठातली असतील तर दोन पाण्यांनी धुऊन, दहा मिनिटं भिजवून ते पाणी फेकून द्या. आगळ घेऊ नका, त्यात मीठ भरपूर असतं. आमसुलाच्या पाकात लिंबू लागत नाही, दालचिनी आणि दोन मिरे दाणे पुरतात. साखर मात्र अर्धी वाटी वाढवा. रात्रभरात फळाला बाहेरून गडद गुलाबी रंग चढतो आणि कापल्यावर आत पांढरा गाभा दिसतो. आणखी लाल हवी असेल तर बीटची एक पातळ चकती टाका. एकच. दोन टाकल्या की मातीची चव येते.

पेरू

पेरूला या कामात कुणी धरत नाही आणि तिथेच घोडं पेंड खातं. पाडाचा, पिवळट हिरवा, पांढऱ्या गराचा पेरू घ्या. साल अगदी पातळ काढा, उभे दोन भाग करा, बियांचा गर चमच्याने कोरून वाट्या तयार करा. कोरलेला गर टाकू नका. तो पाच वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, चमच्याने दाबत गाळणीतून गाळा आणि त्या पाण्यात दीड वाटी साखर व एका लिंबाचा रस घालून पाक करा. पेरूचा वास त्या बियांभोवतीच्या गरातही भरपूर असतो. शिवाय या पाण्यात पेक्टिन उतरल्याने पाक न आटवताही अंगाला धरतो.

वाट्या या पाकात १० ते १५ मिनिटं मंद आचेवर ठेवा. मसाला म्हणून फक्त आल्याच्या दोन चकत्या आणि जाडसर कुटलेले मिरे. पेरू आपण तिखट-मीठ लावून खाणारी माणसं. पेरूच्या गोडात दालचिनी-वेलदोडा घातला की तो परका वाटतो, मिरे घातले की लगेच ओळखीचा होतो. वाढताना वाटीत घट्ट साय किंवा चक्का भरा आणि वर किंचित मीठ भुरभुरवा. मीठ विसरू नका.

साखरेऐवजी गूळ वापरायचा असेल तर तो याच फळात वापरा. गुळाची चव मोठी असते, नासपती किंवा द्राक्षाला ती झाकून टाकते. पेरू तिच्याशी बरोबरी करतो. गूळ पाण्यात विरघळवून आधी गाळून घ्या, तळाशी कचकच राहते. काकवी असेल तर पाकात न घालता वाढताना वरून चमचाभर सोडा.

स्ट्रॉबेरी: शिजवायचीच नाही

स्ट्रॉबेरी गॅसवर ठेवली की दोन मिनिटांत जॅमच्या वाटेला लागते. म्हणून इथे पाक फळाकडे न्यायचा. एक वाटी साखर, दीड वाटी पाणी, अर्ध्या लिंबाचा रस आणि लिंबाच्या सालीची एक पट्टी यांचा पाक उकळवा, गॅस बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. अर्धा किलो स्ट्रॉबेरी देठासकट धुऊन, कोरडी करून, मगच देठ काढून काचेच्या भांड्यात ठेवलेली असावी. आधी देठ काढून धुतली तर तिथून पाणी आत शिरतं. पाक वर ओता, ताटली झाका आणि गार होऊ द्या. बस्स.

फळाचा थोडा रंग पाकात उतरतो, फळ जरा फिकं दिसतं, ते ठीक आहे. डिसेंबर-जानेवारीतली मोठी, महाग स्ट्रॉबेरी यात घालवू नका. ती नुसती खावी. मार्चनंतर महाबळेश्वर, भिलार, वाईच्या रस्त्याला लहान, आंबटसर फळं स्वस्त होतात ती या कामाला जास्त चांगली. मात्र एखादं जरी मऊ, काळपट डागाचं फळ असलं तरी बाजूला काढा, सगळ्या पाकाला त्याचा वास लागतो. ही दोन दिवसांत संपवा. रासबेरी आणि तुतीलाही हीच रीत, फक्त पाक आणखी थोडा गार करून ओता.

द्राक्षं आणि बेदाणा

सांगलीकराला द्राक्ष शिजवायला सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. तरीही फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात पेटी येते आणि चौथ्या दिवशी कुणी हात लावत नाही, तेव्हा हे करून बघा. लांब, कडक मण्यांची सोनाका किंवा तत्सम जात घ्या. द्राक्षावर फवारण्या होतात, म्हणून मणी सुटे करून कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा. प्रत्येक मण्याला सुईने दोन टोचे द्या, नाहीतर साल तडकते. हे कंटाळवाणं काम मुलांना द्या.

पाक साखरेचा न करता काळ्या द्राक्षाच्या रसाचा करा. अर्धा किलो काळी बिनबियांची द्राक्षं मिक्सरमधून काढून गाळली की दीड-दोन वाट्या रस निघतो. त्यात दोन चमचे साखर, एका लिंबाचा रस आणि आल्याचा छोटा तुकडा घालून गरम करा, वर फेस आला तर काढून टाका. हिरवे मणी त्यात तीन-चार मिनिटं ठेवा आणि उतरवा. थंडगार झाल्यावर जांभळ्या रसातले हिरवे मणी दिसायलाही देखणे. साखर वाढवायचा मोह आवरा, द्राक्ष स्वतःच गोड असतं. यात आंबट कमी पडलं तर सगळं फसतं.

बेदाण्याचं गोड मला यातलं सगळ्यात कामाचं वाटतं, कारण ते पावसाळ्यात, ताजी फळं महाग असताना होतं आणि त्यात साखर लागत नाही. सांगली-तासगावच्या सौद्यांतून देशभर जाणाऱ्या या मालाला, सांगलीच्या बेदाण्याला, भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. घरात मात्र तो शिऱ्यावर पेरण्यापलीकडे जात नाही. पोच करायला लांबट हिरवा किंवा पिवळा बेदाणा घ्या. पिवळ्याला गंधकाची धुरी दिलेली असते, त्यामुळे कोमट पाण्याने दोनदा धुवा. १०० ग्रॅम बेदाणा, १०० ग्रॅम जर्दाळू, सहा सुकी अंजिरं, चार वाट्या पाणी, रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात दालचिनी, आल्याच्या दोन चकत्या आणि संत्र्याच्या सालीची पट्टी घालून १५ मिनिटं मंद आचेवर ठेवा. बेदाणा सगळ्यात शेवटी, पाच मिनिटं उरली असताना घातलात तर जास्त टपोरा राहतो. त्यासाठी तो वेगळा भिजवावा लागेल. फळांची गोडी उतरून पाणी आपोआप दाटसर होतं. शेवटी लिंबू पिळा. हे फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतं आणि सकाळी दह्याबरोबर न्याहारीलाही चालतं.

बाकीच्या फळांबद्दल थोडक्यात

पीच आणि आलुबुखार उन्हाळ्याच्या शेवटी उत्तरेकडून येतात. अर्धे करून, साल ठेवूनच आठ-दहा मिनिटं शिजवा. गार झाल्यावर साल ओढली की निघते आणि तिचा लाल रंग पाकाला आलेला असतो. ताजं अंजीर पाच मिनिटांत होतं. सफरचंदात पिठूळ जात टाळा, ती पाकात विरघळते. कडक, आंबटगोड फळाच्या जाड फोडी घ्या. केळं, चिकू, सीताफळ आणि पिकला आंबा यांच्या वाटेला जाऊ नका.

अननसाचं एक वेगळं आहे. कच्चा अननस दूध-दह्यात घातला की काही वेळात ते कडू होतं, कारण त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम दुधाची प्रथिनं तोडतं. उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होतं. म्हणून श्रीखंडात किंवा रबडीत अननस घालायचा असेल तर चकत्या पाकात दहा-बारा मिनिटं चांगल्या गरम होऊ द्या. इथे आच थोडी जास्त चालते, अननस फुटत नाही. चक्रीफुलाची एक पाकळी टाकून बघा.

वाढणं

आइसक्रीम आणि कस्टर्ड सगळ्यांना माहीत आहे. मी चक्का सुचवेन: पाव किलो चक्का, फळाचाच दोन-तीन चमचे पाक, नीट फेटून मऊ करायचा आणि त्याच्या गादीवर थंड फळ. श्रीखंडाएवढी साखर यात लागत नाही, आंबट-गोडाचा तोल जमतो.

बासुंदीबरोबर द्यायचं तर थोडी काळजी. गरम बासुंदीत आंबट पाक पडला की ती फाटते, गुळाचा पाक पडला तरी फाटण्याची भीती असते. बासुंदी आणि फळ दोन्ही फ्रिजमधून काढलेलं थंड असावं, फळ चाळणीत निथळून घ्यावं आणि वाढण्याच्या क्षणीच एकत्र करावं. आमसुलातली नासपती बासुंदीला देऊच नका. केशर घालायचं असेल तर ते बासुंदीत घाला, पाकात वाया जातं. वरून काहीतरी कुरकुरीत लागतं. भाजलेले बदामाचे काप, नाहीतर घरात खारी असेल तर तीच चुरा करून. काजूने ते काम होत नाही, तो मऊ पडतो.

उपवासाला चालतं का, हा प्रश्न येतोच. फळ, साखर, लिंबू, वेलदोडा बहुतेक घरांत चालतं. दालचिनी-लवंगेबद्दल तुमच्या घरची रीत पाळा.

उरलेला पाक

फळं संपल्यावर डब्यात दोन-तीन वाट्या पाक उरतो. मुरांब्यात साखर ६५ टक्क्यांच्या पुढे असते म्हणून तो बाहेर टिकतो, या पाकात तिच्या निम्मीही नसते. तेव्हा तो बाहेर ठेवू नका. गाळून, एक उकळी देऊन, फ्रिजमध्ये ठेवला तर आठवडाभर जातो आणि त्यात पुढची फळं शिजवता येतात. दुसऱ्या वेळी अर्धी वाटी साखर आणि थोडं लिंबू वाढवा. तिसऱ्यांदा मात्र तो गढूळ आणि लवंगेने भारलेला होतो, तेव्हा त्याआधीच संपवा. पेरूचा पाक बर्फ आणि सोड्याबरोबर फार छान लागतो, आमसुलाचा पाक चौपट पाणी घालून सरबत होतो, आणि अननसाचा उरला असेल तर शिरा करताना निम्म्या पाण्याच्या जागी तोच घाला, साखर त्या मानाने कमी करा.